पिन क्रमांकातले गणित : ४११०३० आणि त्याचे शेजारी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. माझ्या आठवीतल्या नातीला शाळेतून स्वाध्याय मिळाला आहे : आपल्या पत्त्यातला पिन क्रमांक ही एक पूर्ण संख्या मानावी आणि तिच्याविषयी गणिताच्या दृष्टीने जेवढे सांगता येईल तेवढे लिहावे. आमचा पिन क्रमांक ४११०३०. ही संख्या सम आहे आणि तिला तीनने व पाचाने भाग जातो, एवढे तिने लिहिले आहे. इंटरनेटवर मात्र अशा संख्यांना ‘विपुल’, ‘हर्षद’, ‘स्वयंभू’ अशी अनेक विशेषणे लावलेली तिला दिसली. त्यांपैकी कोणती या संख्येला लागू पडतात? आणि ती सगळी सारख्याच मोलाची आहेत का?
– एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ही सगळी विशेषणे एका पंक्तीला बसवता येत नाहीत. काही गुणधर्म संख्येचे स्वतःचे असतात. ४११०३० चिंचोके समोर ओतले आणि एकही आकडा कुठे लिहिला नाही, तरी त्यांचे नऊ सारखे वाटे होतात आणि सात सारखे वाटे होत नाहीत, हे ठरलेलेच आहे. दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म मात्र ती संख्या आपण दशमान पद्धतीत ज्या अंकांनी लिहितो त्या लेखनाचे असतात, आणि लेखनाची पद्धत बदलली की ते टिकतीलच असे नाही. नातीने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करावेत आणि प्रत्येक विशेषण कोणत्या रकान्यात जाते याचा आधी विचार करावा. माझ्या मते या स्वाध्यायात शिकण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे.

पहिल्या रकान्याची सुरुवात मूळ अवयवांपासून करावी, कारण जवळजवळ सगळे काही त्यांच्यावरून ठरते. संख्येच्या शेवटी शून्य आहे, म्हणून १० ने भाग जातो आणि ४११०३ उरतात. या अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून ९ ने भाग जातो आणि ४५६७ उरतात. आता ४५६७ ला आणखी अवयव आहेत का, ते पाहायचे. एखाद्या संख्येचे दोन अवयव पाडता आले, तर त्यांतला लहान अवयव त्या संख्येच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. ४५६७ चे वर्गमूळ ६७ आणि ६८ यांच्या दरम्यान आहे, त्यामुळे ६७ पर्यंतच्या एकोणीस मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणे पुरेसे आहे. २, ३ आणि ५ नजरेनेच बाद होतात. उरलेले सोळा भागाकार नातीने कागदावर करावेत. एकही पूर्ण जात नाही, आणि ४५६७ ही मूळ संख्या आहे याची तिची तिलाच खात्री पटेल. म्हणजे

४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७.

यावरून विभाजकांची संख्या लगेच मिळते. विभाजक बनवताना २ घ्यायचा की नाही याचे दोन पर्याय, ३ एकदाही न घेणे, एकदा घेणे किंवा दोनदा घेणे असे तीन पर्याय, ५ चे दोन आणि ४५६७ चे दोन. त्यांचा गुणाकार २४. त्यांपैकी बारा म्हणजे ९० चे विभाजक (१, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०) आणि उरलेले बारा म्हणजे त्यांचीच ४५६७ पट. मध्ये मोठी पोकळी आहे : ९० नंतरचा विभाजक थेट ४५६७. सगळ्या विभाजकांची बेरीज १०,६८,९१२ होते. तिच्यातून मूळची संख्या वजा केली, तर ६,५७,८८२ उरतात, आणि हे ४,११,०३० पेक्षा जास्त आहेत. स्वतःला सोडून इतर विभाजकांची बेरीज स्वतःपेक्षा जास्त असेल, तर ती संख्या ‘विपुल’, कमी असेल तर ‘न्यून’ आणि नेमकी तेवढीच असेल तर ‘परिपूर्ण’. ही त्रिविध विभागणी प्राचीन ग्रीक गणितातून आलेली आहे, आणि ६, २८ व ४९६ ही परिपूर्ण संख्यांची ठरलेली उदाहरणे आहेत. आपली संख्या विपुल आहे. खरे तर एवढी मोठी बेरीज न करताही हे सांगता आले असते. संख्येला ६ ने भाग जात असेल, तर तिचा निम्मा भाग, तिसरा भाग आणि सहावा भाग हे तिन्ही तिचे विभाजक असतात, आणि त्यांचीच बेरीज संख्येएवढी भरते. येथे २०५५१५, १३७०१० आणि ६८५०५ मिळून बरोबर ४११०३० होतात. १ हा विभाजक त्यांच्याशिवाय शिल्लक असतोच. म्हणून ६ पेक्षा मोठी आणि ६ ने भाग जाणारी प्रत्येक संख्या विपुल असते. अशी पळवाट सापडली की ती तिच्या कारणासह वहीत उतरवावी, कारण नुसत्या मोठ्या बेरजेपेक्षा तिचे मोल जास्त आहे.

आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : ही संख्या वर्गसंख्यांपासून बनवता येते का? ती स्वतः वर्ग नाही, कारण ६४१ चा वर्ग ४१०८८१ आणि ६४२ चा ४१२१६४. दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही ती मिळणार नाही, कारण तिला ४ ने भागल्यास बाकी २ उरते आणि दोन वर्गांच्या वजाबाकीत ही बाकी कधीच येत नाही. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती लिहिता येत नाही. त्याचे कारण ४५६७ मध्ये आहे : ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारा मूळ अवयव विषम वेळा आला की अशी बेरीज अशक्य होते. तीन वर्ग घेतले, की मात्र काम अगदी देखणे होते :

४११०३० = ६४१² + १०² + ७².

पहिला रकाना येथे थांबवला तरी चालेल. दुसऱ्या रकान्यात शिरताना ज्यांचे नाव घ्यायलाच हवे, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणू येथे जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ ही सगळी वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले आणि उरलेल्या वेळात संख्यांच्या अंकांमध्ये ते रमले. त्यांच्या कामाकडे अनेकांनी दीर्घकाळ निव्वळ करमणूक म्हणून पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर ते जगभर पोहोचले. शाळकरी मुलांना कागद-पेन्सिल घेऊन स्वतः पडताळता येतील अशी सत्ये त्यांनी विपुल दिली, आणि माझ्या दृष्टीने ही थोर सेवा आहे.

‘हर्षद’ हे नाव त्यांचेच. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४ + १ + १ + ० + ३ + ० = ९ आणि ४११०३० ÷ ९ = ४५६७०, म्हणून ती हर्षद आहे. आता कसोटी लावू. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, हीच संख्या ११००१०००१०११००१०११० अशी लिहिली जाते. तिच्यात एक हा अंक नऊ वेळा येतो, म्हणून तेथेही बेरीज ९ येते आणि ती योगायोगाने हर्षदच राहते. परंतु अष्टमान पद्धतीत (० ते ७ हे आठच अंक) तिचे रूप १४४२६२६. अंकांची बेरीज २५. आणि २५ ने तिला भाग जात नाही. संख्या तीच असूनही हर्षदपण गेले. विपुलता मात्र तिन्ही पद्धतींत जशीच्या तशी राहते. रकान्यांमधली रेघ कशासाठी, ते या एका उदाहरणात दिसते.

‘स्वयंभू’ ही कल्पनाही कापरेकरांचीच, आणि पुण्याच्या पिन क्रमांकांसाठी ती फार सुंदर आहे. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. जी नवी संख्या येते तिची पहिली संख्या ही जनक. ज्या संख्येला असा एकही जनक नाही ती स्वयंभू. लहान उदाहरणे १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशी आहेत. ४११०३० स्वयंभू नाही, कारण ४११०२१ च्या अंकांची बेरीज ९ आणि ४११०२१ + ९ = ४११०३०. हा जनक म्हणजे बावधनचा पिन क्रमांक! मागे आणि पुढे चालत गेल्यास अशी साखळी मिळते : खडकीचा ४११००३, त्यात ९ मिळवून दापोडीचा ४११०१२, मग बावधनचा ४११०२१, सदाशिव पेठेचा ४११०३०, भोसरीचा ४११०३९, आणि तेथे अंकांची बेरीज १८ झाल्यामुळे एकदम अठराची उडी घेऊन हिंजवडीचा ४११०५७.

या उडीखाली एक क्रमांक राहून गेला : कोंढव्याचा ४११०४८. त्याला दुसरीकडून कुठून जनक मिळतो का, हे पाहणे हा या सगळ्यातला सर्वांत रंजक भाग आहे. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते. ४११०४८ ला ९ ने भाग जातो. म्हणून जनक असलाच तर त्यालाही ९ ने भाग जायला हवा, आणि त्याच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीतलीच असायला हवी. सहा अंकांची बेरीज ५४ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, त्यामुळे तपासण्यासाठी सहाच उमेदवार उरतात. ४११०३९ ची बेरीज ९ हवी होती, ती १८ आहे. ४११०३० ची १८ हवी होती, ती ९ आहे. ४११०२१, ४११०१२ आणि ४११००३ यांना अनुक्रमे २७, ३६ आणि ४५ हवे होते. तिघांचीही बेरीज ९ च. शेवटच्या ४१०९९४ ला ५४ हवे होते, ते २७ आहे. सहाही बाद झाले, म्हणून ४११०४८ ही संख्या स्वयंभू आहे. एखादी गोष्ट अस्तित्वातच नाही हे सहा ओळींत पूर्णपणे सिद्ध करण्याची संधी आठवीच्या मुलीला क्वचितच मिळते, म्हणून हा भाग तिने जरूर लिहावा. मात्र हाही गुणधर्म दुसऱ्या रकान्यातलाच आहे. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांक सुरू केले, आणि त्या योजनेमागे संस्कृतचे कवी म्हणूनही ओळखले जाणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे अधिकारी होते. पहिला अंक विभाग सांगतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय सांगतात. कोंढव्याला ४११०४८ मिळणे ही टपालाच्या सोयीची बाब आहे.

हौस असेल तर कापरेकरांची प्रसिद्ध वजाबाकीही करून पाहावी. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, मोठ्यातून लहान वजा करावे आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहावे. चार अंकी संख्यांत सगळे अंक सारखे नसतील, तर आपण शेवटी ६१७४ वर पोहोचतो, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवले. आपला ४५६७ हा अवयव तेथे तीनच पायऱ्यांत जातो : ३०८७, ८३५२, ६१७४. सहा अंकी संख्यांची गोष्ट वेगळी आहे. ४११०३० पासून ४२९९६६, ७४९९४३, ६५२६४४ आणि मग ४२०८७६ येते. त्यापुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ अशी फेरी घेऊन पुन्हा ४२०८७६. सात संख्यांच्या या वर्तुळातून ती कधीच बाहेर पडत नाही.

प्रश्न : पुणे जीपीओचा पिन क्रमांक ४११००१. कॅल्क्युलेटरवर बराच वेळ भाग देऊन पाहिला, पण कशानेही भाग जात नाही. ही मूळ संख्या आहे, असे खात्रीने कधी म्हणता येईल? कुठवर भाग देत राहायचे?
– एक वाचक, कॅम्प

उत्तर : ४११००१ ही मूळ संख्या आहे. वर सांगितल्याप्रमाणे वर्गमुळापर्यंत जावे लागते. येथे ६४१ चा वर्ग ४१०८८१, म्हणजे संख्येपेक्षा फक्त १२० ने कमी. त्यामुळे ६४१ ही स्वतः मूळ असलेली संख्या शेवटची तपासायची. तिथवर एकूण ११६ मूळ संख्या आहेत. त्यांतल्या चारांचा भागाकार करण्याचे कारण नाही. ४११ = ३ × १३७, म्हणून ४११००० ला २, ३, ५ आणि १३७ या चौघांनी पूर्ण भाग जातो आणि ४११००१ ला भागल्यास प्रत्येक वेळी १ च उरतो. पुण्याच्या ४११ ने सुरू होणाऱ्या कोणत्याही पिन क्रमांकासाठी ही सोय वापरता येते : या चार संख्यांसाठी फक्त शेवटचे तीन अंक पाहावेत. उरलेल्या ११२ संख्यांसाठी मात्र शिस्तीने बसावे लागते, आणि मध्येच थांबून ‘बहुधा मूळ असावी’ असे म्हणणे गणितात चालत नाही. या आकाराच्या संख्यांत सरासरीने साधारण दर तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या येते, म्हणजे शहराच्या पहिल्याच क्रमांकाला हा मान मिळणे तसे दुर्मीळच.

जाता जाता, ६४१ ही गणिताच्या इतिहासातली मानाची संख्या आहे. फ्रेंच गणिती फर्मा याने २ चा बत्तिसावा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही संख्या मूळ असावी असे मानले होते. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवून तो समज दूर केला.

त्याच दोघांच्या दुसऱ्या एका कामामुळे आपल्या संख्येविषयी आणखी काही सांगता येते. ४ ने भागल्यावर १ बाकी ठेवणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. हे विधान फर्माने सतराव्या शतकात केले आणि ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केले. ४११००१ या गटात बसते, तेव्हा तिचे दोन वर्ग कोठेतरी असणारच. ते शोधले, तेव्हा इतके सुबक निघतील असे वाटले नव्हते :

४११००१ = ४००² + ५०१².

एक लाख साठ हजार आणि दोन लाख एक्कावन्न हजार एक. तोंडी पडताळता येते. याखेरीज दुसरी कोणतीही जोडी नाही. सदाशिव पेठेच्या संख्येला दोन वर्ग पुरले नाहीत आणि जीपीओच्या संख्येला पुरले, हा फरक संख्यांचा स्वतःचा आहे. त्या कोणत्याही पद्धतीने लिहिल्या तरी तो तसाच राहील.

प्रश्न : हिंजवडीच्या ४११०५७ या क्रमांकाच्या अंकांची बेरीज १८ आणि पुन्हा बेरीज केल्यास ९ येते. नऊ हा पूर्णांक शुभ मानून माझे नातेवाईक तेथेच घर घ्यावे असे म्हणत आहेत. याला गणितात काही आधार आहे का?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : आधार नाही. एकच अंक उरेपर्यंत बेरीज करत गेल्यावर ९ येणे याचा अर्थ संख्येला ९ ने भाग जातो, एवढाच आहे, आणि तो गुण ओळीने येणाऱ्या प्रत्येक नऊ संख्यांपैकी एकीला मिळतोच. पुण्यातच ४११००३ पासून पुढे दर नवव्या क्रमांकाला तो आहे, म्हणून खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी आणि कोंढवा यांनाही तो सारखाच लागू पडतो. घर घेताना पाणी, रस्ता, कागदपत्रे आणि आपली ऐपत पाहावी.

गणिताच्या दृष्टीने ४११०५७ ही हर्षदसुद्धा नाही, कारण ती विषम आहे आणि विषम संख्येला १८ ने भाग जाऊ शकत नाही. शिवाय बेरजेच्या या रीतीत नऊला स्थान मिळते तेच मुळी आपण दहाच्या पटींत लिहितो म्हणून : १०, १००, १००० या सर्वांना ९ ने भागल्यास १ उरतो, त्यामुळे संख्येची जी बाकी तीच तिच्या अंकांच्या बेरजेची बाकी ठरते. अष्टमान पद्धतीत हे स्थान ७ ला मिळते. तेथे ४११०५७ चे लेखन १४४२६६१ असे होते, अंकांची बेरीज २४ येते, आणि ७ ने भागल्यावर तिची व मूळ संख्येची, दोन्हींची बाकी ३ उरते.